फ्यूजच्या जागी तार

जळक्या प्लास्टिकचा वास आला की आमची जुनी गाडी आठवते. माझ्या वडिलांनी, आबांनी, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग दोन म्हशी विकून ती घेतली. जोतिबाला भाविक नेऊन आणून त्यांनी मला इंजिनीअर केलं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. निकालानंतर थोड्याच दिवसांत एसीचा वारा बंद पडला आणि डॅशबोर्डातून जळका वास येऊ लागला. मी वीज तपासायचा मीटर घेऊन बसले. “पुस्तकात गावतंय व्हय गं ह्ये?” आबा हसले. मी फ्यूजचा डबा उघडला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार! “फ्यूज सारखा उडत हुता, म्हणून मीच घातली की.” मागची वायर वितळून उघडी पडली होती. एसीचा पंखा खोलला, तर तो जोतिबाच्या गुलालानं गच्च भरलेला. तो अडकायचा, म्हणून फ्यूज उडायचा. “आबा, सकाळी सात माणसं घिऊन ह्याच गाडीतनं घाट उतरलासा तुमी! फ्यूज उडला न्हाई, तर गाडीच पेटती!” आबांनी पक्कड घेतली आणि ती तार स्वतःच उपटून काढली. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, आणि पाटीवर माझ्या नावापुढं ‘बी.ई.’ आबांनीच रंगवून घेतलंय.