कुलूप लावा म्हणणारा मीच होतो

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

मी सहायक फौजदार, जुन्या भरतीचा, आठवी पास. नाशिकच्या कडेचं, फुलं पिकवणारं एक गाव माझ्या बीटात होतं. तिथल्या एका मुलीला कुणीतरी मोबाइलवर घाण पाठवली. गावाने सभा भरवून मला बोलावलं. मी सांगितलं, "पोरींच्या फोनला कुलूप लावा. कॉल-मेसेज सोडून सगळं बंद." टाळ्या पडल्या. गोणीभर फोन गावातल्या मोबाइल दुकानदाराकडे गेले. चार महिने एक तक्रार नाही. मी ठाण्यात छाती काढून सांगायचो.

बायको म्हणाली, "तक्रार थांबली का त्रास थांबला, ते बघा आधी."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो.

ती दर रविवारी बाजारात त्या गावच्या एका बाईकडून फुलं घ्यायची. बाईची दहावीतली मुलगी हार ओवायला बसायची. एकदा आई चहाला गेली तशी मुलीने हिचा हात धरला. "मावशी, साहेबांना सांगा, पण माझ्या वडलांना नका सांगू. परत काही झालं तर शाळा बंद म्हणालेत."

कुलूप टाकताना दुकानदाराने तिचे फोटो, मैत्रिणीशी केलेलं बोलणं, सगळं उतरवून घेतलं होतं. आता एका नवीन नंबरवरून मेसेज येत होते: दुकानात एकटी ये, नाहीतर गावाला दाखवतो.

बायकोने घरी येऊन मला सगळं सांगितलं. मुलीचा जबाब महिला अंमलदाराने साध्या कपड्यात, आईला शेजारी बसवून घेतला. दुकानदाराला ठाण्यात आणलं.

"साहेब, कुलूप तर तुमच्याच सांगण्यावरून टाकलं."

"ते खरंय. कोणाकोणाचे फोन आले होते?"

"त्या पोरीला मी एकबी मेसेज केला नाय."

मी मुलीचं नाव काढलंच नव्हतं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पंचनामा करून त्याचा कॉम्प्युटर जप्त केला. त्यात अकरा मुलींचे फोटो निघाले. अकरांपैकी या एकीशिवाय कुणीही तोंड उघडलं नव्हतं.

मुलीचा बाप म्हणाला, "आता शाळा बास."

मी पुन्हा सभा घ्यायला लावली. उभा राहून म्हणालो, "कुलूप लावा म्हणणारा मी. चूक माझी. शाळा तिची का बंद?" सोमवारी मुलगी शाळेत गेली.

घाण पसरवणाऱ्याला धरावं, तसली साइट बंद करावी, त्याला कायदा आहे. पण सरसकट बंद केलं की पोरांचं तोंडच आधी बंद होतं. हे मला खात्याने नाही, बायकोने शिकवलं. ती असताना तसं एकदाही म्हणालो नाही.

ती जाऊन आता वर्ष होईल. तिचा फोन मी रोज चार्ज करतो. त्या मुलीने हिचा नंबर गावातल्या पोरींना दिला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मागच्या महिन्यात फोन वाजला. बारीक आवाज होता. "मावशी हायेत का?"



"मावशी नाही बाळा. पण तू सांग. मी ऐकतो."