डिंकाने चिकटवलेला पंख

माझ्या हातांवर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही, आणि तो का नाही हे मी रत्नागिरीत चारचौघांत सिद्ध केलं. जादूच्या एका पुस्तकमालिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता. तिथल्या वेशभूषा स्पर्धेत दहा वर्षांची माझी लेक ड्रॅगन होणार होती. जुन्या छत्रीच्या कापडाचे पंख मी हौसेने डिंकाने चिकटवले होते. सभागृहाच्या दारातच एक गळून पडला.

"बाबा, मी नाही जाणार आत!" म्हणत ती रडायला लागली.

शेजारी गोल टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. त्यांनी पंख मागून घेतला, खिशातून मासेमारीची जाळी सांधायची सुई आणि दोरा काढला आणि पायाच्या अंगठ्यात कापड ताणून एकेक गाठ मारू लागले.

"घट्ट नको, भाऊ. जाळ्याला नि पंखाला हलायला जागा लागते."

तेवढ्यात त्यांची नात आली. तीही ड्रॅगनच! मी ओशाळलो. "चाचा, तुम्ही तर नातीच्या स्पर्धकाचाच पंख शिवलात!"

"मग? नात वाचून दाखवते मला. गोष्टीत दोन ड्रॅगन हायत. एकटी काय करील ती?"

दोघी हात धरून मंचावर गेल्या. बक्षीस तिसऱ्याच मुलीने नेलं. त्या गडबडीत चाचांचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी चिकटवलेला दुसरा पंख घरी पोचेपर्यंतही टिकला नाही. लेक आता चिपळूणला नांदते. चाचांनी शिवलेला पंख मात्र अजून कपाटावर आहे, आणि दार उघडलं की थोडा हलतो.