केरबा मिस्त्री आणि ऑइलचा दिवा

केरबा मिस्त्री नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार सांगायचा. गाडी अजून चौकात असायची आणि हा गॅरेजात तंबाखू मळत म्हणायचा, "तिसरा प्लग गेलाय." बहुतेक वेळा खरं निघायचं. खोटं निघालं तर मालक कंटाळून हो म्हणेपर्यंत केरबा ओरडायचा. त्याचं गॅरेज आमच्या शाळेच्या भिंतीला लागून. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकू यायचं.

अशा माणसाला चौऱ्याहत्तर साली एका लाल दिव्यानं जेरीला आणलं.

गाडी राजारामपुरीतल्या डॉक्टर यज्ञेश्वर कानविंदे यांची, वीस वर्षांची म्हातारी. ड्रायव्हर उचगावचा जोतीराम. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा मधूनच लागायचा. तो लागला म्हणजे इंजिनाला ऑइल पोचत नाही, तसंच दामटलं तर इंजिन बसतं. म्हणून जोतीराम जिथल्या तिथं गाडी उभी करायचा आणि डॉक्टर उसाच्या फडाकडं बघत उन्हात बसायचे.

केरबानं ऑइल बदललं. पंप खोलला. दिव्याची वायर इंजिनावरच्या ज्या बटणाला येते, ते बटणही नवं घातलं. गॅरेजात दिवा गप्प. गाडी बाहेर गेली, चार खड्डे खाल्ले, की दिवा हजर. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी जोतीराम हसला, ही त्याची चूक.

"मिस्त्री, तुमच्यानं हुईत नसंल तर सांगा की. सांगलीला दाखवतो."

केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो गॅरेजातून रस्त्यावर आला, कारण आतला आवाज त्याला कमी पडत होता.

"गाडीत खोट न्हाई, माणसात हाय! वाटंत ऑइल काढून इकतोस, आनि हितं यायच्या आधी भरून ठेवतोस! म्हणून हितं दिवा लागत न्हाय! काय मास्तर, बरोबर का न्हाई?"

मी चहा पीत होतो. चहा त्याचा होता. मी मान डोलावली.

चोरीचं ऑइल पुन्हा भरून ठेवणारा चोर जगात कुठं असतो, हा विचार जमलेल्या आठ-दहा जणांत एकालाही सुचला नाही. मला तर गणित शिकवायचा पगार मिळत होता. जोतीरामनं किल्ली बाकड्यावर ठेवली. "अकरा वर्सं झाली डॉक्टरांच्याकडं," एवढंच म्हणाला आणि चालत उचगावला गेला. संध्याकाळपर्यंत गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेली. त्यांनी त्याला परत बोलावलं नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांना कुरुंदवाडला एका पेशंटकडं जायचं होतं. ड्रायव्हर नव्हता, म्हणून केरबाच स्टिअरिंगवर बसला. हातकणंगल्याच्या पुढं दिवा लागला.

पुढचं त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही कुजबुजत. केरबाला कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, पयल्यांदाच दिवा लागल्याला असताना बॉनेट उघडलं. आनि बघतोय तर काय, लिंबू."

डॉक्टर लिंबू-मिरचीचे कट्टर विरोधक. पण गाडी वारंवार बिघडते म्हणजे तिला कुणाची तरी नजर लागलीय, याबद्दल केरबाला शंका नव्हती. म्हणून दिव्याच्या आधीपासूनच तो कुठलीही दुरुस्ती झाली की डॉक्टरांच्या नकळत बॉनेटच्या आत लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधायचा. दोरा उष्णतेनं जळतो म्हणून अलीकडं लोखंडी तारेत ओवून; ही सुधारणा त्याची स्वतःची. खड्ड्यात लिंबू झोका घ्यायचं, तारेचं टोक त्या बटणाला टेकायचं, वायरीतली वीज तारेतून बॉनेटच्या पत्र्यात उतरायची आणि दिवा लागायचा. गाडी परत आली की केरबा काम सुरू करण्याआधी पहिलं जुनं लिंबू उतरवून ठेवायचा. मग बिघाड सापडणार कुठला? शेवटी नवं लिंबू बांधायचा, म्हणजे नवा बिघाड बसवायचा.

"डॉक्टरांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"वायर ढिली हुती म्हणलं." त्यानं हातातला पाना उगाच पुसला. "मास्तर, उचगावला चला की. एकट्याला जावंना."

सायकलवर डबलसीट गेलो. मान मीही डोलावली होती.

जोतीरामची बायको तानाबाई दारात शेंगा फोडत होती. केरबानं उभ्यानंच सगळं सांगितलं, लिंबासकट. जोतीराम आतून येऊन ऐकत उभा राहिला. तानाबाईचा हात थांबला.

"लिंबापायी माझ्या दाल्ल्याला चोर केलासा? आनि ह्यो मास्तर कशाला आणलाय, साक्षीला?"

मी चपलेकडं बघितलं.

"चुकलं माझं," केरबा म्हणाला.

"हितं हळू बोलतोयस," जोतीराम म्हणाला. "तवा रस्त्यावर बोंबलला हुतास न्हवं? मग आता दवाखान्यात जाऊन तसंच बोंबल."

दवाखान्यात वीस-पंचवीस पेशंट होते. केरबा दारात उभा राहिला, टोपी काढली आणि ओरडला, "जोतीराम चोर न्हाई! दिवा माझ्या लिंबानं लागत हुता!" तोंडात थर्मामीटर घेतलेली एक म्हातारी दचकली. बाकीचे हसले. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच खाली बघितलं. "मी तरी त्याला विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

जोतीराम कामावर परत आला, पण एका अटीवर. गाडी केरबाच्या गॅरेजात पुन्हा जाणार नाही. डॉक्टरांनी भीत भीत ही अट सांगितली, तेव्हा केरबा म्हणाला, "बरोबर हाय की."

त्यानंतरही गाडी गॅरेजासमोरच्या रस्त्यानं जायची. ती चौकात असतानाच तिचा आवाज ओळखणारा केरबा सोडून आमच्याकडं दुसरा माणूस नव्हता. त्यामुळं ती दिसायच्या आत तो जवळच्या गाडीखाली शिरलेला असायचा. एका सोमवारी गॅरेजात एकही गाडी नव्हती. बाकड्याखाली शिरला.