अध्यक्षांवर आलेलं डेअर

सदर इसमाचे नाव गेणू बाबू घारे, वय सहासष्ट, राहणार औंढ्याच्या पुढची वाडी, तालुका मावळ. व्यवसाय शेती, वर्ण सावळा, बांधा मध्यम, मिशी पांढरी व व्यवस्थित. ओळखीची खूण : कोणतीही दोन माणसे बोलत असल्यास मध्ये उभा राहतो. सदर इसम वाडीच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष असून त्याच्या कारकिर्दीत बांधांचे, पाण्याचे व एका कोंबड्याचे असे सर्व तंटे सामोपचाराने मिटले व वाडी तंटामुक्त जाहीर झाली. सदर इसमाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

तक्रार नव्हती हे खरंच. तक्रार करायची तर बोलावं लागतं, आणि सख्खा धाकटा भाऊ गोरख त्यांच्याशी बोलत नव्हता.

अबोल्याचं कारण तंटामुक्ती हेच होतं. वाडीचा सन्मान झाला तेव्हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मधोमध अध्यक्ष, हात जोडलेले, अंगात कधी न शिवलेला कोट. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गोरख, टपालाच्या तिकिटाएवढा, खताच्या दुकानदाराला खेटून, डोळे मिटलेला. "जित्ता हाय मी अजून," एवढं म्हणून गोरख जो गप्प झाला तो झालाच. गेणूआबांचं म्हणणं असं की फोटो पदाप्रमाणे लावले आणि गोरखला पद नव्हतं. या म्हणण्यात खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून तर भांडण इतकं टिकलं.

घरं दोन, अंगण एक. आबांची नात प्रेरणा आणि गोरखचा नातू सुरज एका वर्गात. शाळेत एका डब्यात जेवायची, अंगणात शिरली की परक्यासारखी तोंडं फिरवून आपापल्या दारात. दहाव्या वाढदिवसाला प्रेरणाने ना फ्रॉक मागितला ना सायकल. तिला सुरज यायला हवा होता. आबा म्हणाले, "बगू." समितीच्या कामकाजात 'बगू'चा अर्थ काय होतो, हे त्या घरातलं मांजरसुद्धा जाणून होतं.

खेळ आणला कैलासने, म्हणजे प्रेरणाच्या बापाने. तो लोणावळ्याला एका रिसॉर्टवर कामाला. तिथे पाहुण्यांची पोरं खेळताना बघितलेला. गोल बसायचं, मधे बाटली फिरवायची. तोंड ज्याच्याकडे त्याने बोलायचं, ट्रुथ का डेअर. ट्रुथ म्हटलं तर विचारलेलं खरं सांगायचं, डेअर म्हटलं तर सांगितलेलं करायचं. सगळ्यांची पाळी झाली की केक.

जिथे पोरं तिथे तंटा, हे ओळखून आबांनी पंचपद स्वतःकडे घेतलं आणि खाकरून नियम सांगितले. विहिरीकडं जायचं न्हाई. माळ्यावर चढायचं न्हाई. काडेपेटी, सुरी, विस्तव बंद. कुणाला रडवायचं न्हाई. अंगण सोडायचं न्हाई. आणि शेवटचा नियम जरा घाईने : कुणाच्या घरातल्या भांडणाचं ट्रुथ इचारायचं न्हाई.

"आन् नियम सगळ्यांला सारका. ल्हान-मोटं न्हाई," ते म्हणाले. सभेत हे वाक्य नेहमी टाळ्या घ्यायचं. इथे प्रेरणाने फक्त मान डोलावली, आणि ती जरा जास्तच डोलावली.

खेळ रंगला. वाढदिवसाला जमलेल्या पोरांतल्या ओंकारला डेअर आलं, त्याने गोठ्यात जाऊन म्हशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. म्हशीने त्याची टोपी चाटली. अपेक्षाने ट्रुथ घेतलं आणि कबूल केलं की शाळेतली मटकी ती कुत्र्याला घालते आणि कुत्रंही ती खात नाही. तेवढ्यात बाटलीचं तोंड आबांसमोर थांबलं. पंचाने गोलात बसायचं नसतं, हे त्यांना तेव्हा सुचलं.

"ट्रुथ का डेअर?" पोरं ओरडली.

ट्रुथ म्हणावं तर धोंडाबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं. "डेअर," आबा म्हणाले.

प्रेरणाने श्वास घेतला. "धाकल्या आबांकडं जायचं आणि वाटीभर विरजण मागायचं. वाटी सुरजनं धरायची. सांडू न देता हितपर्यंत आणायची."



"अंगण सोडायचं न्हाई, असा नियम हाय," आबा म्हणाले.

"अंगण एकच हाय की, आबा."

हे समितीच्या जुन्या इतिवृत्तातलं त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "दिवेलागण झाली. या टायमाला विरजण देत न्हाईत कुनी."

"अवं, मी दिवा कुटं लावलाय अजून?" धोंडाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर पदर खोचून बसल्याच. "तुमी येऊस्तोवर न्हाई लावत."

"आबा रडी खात्यात!" ओंकार किंचाळला. उभ्या वाडीत गेणू घाऱ्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते उठले, टोपी सारखी केली आणि चालू लागले. अंगण चार ढांगांचं, पण त्यांनी ते तालुक्याला निघाल्यासारखं ओलांडलं.

गोरख ओट्यावर दावं वळत होता. मागे कडब्याच्या गंजीवर तोच फ्लेक्स पांघरलेला, अध्यक्षांचं डोकं खाली, जोडलेले हात वर.

"काय अध्यक्ष? मोर्चा?"

"विरजण पायजे. वाटीभर."

"अर्ज आणलाय?"

"गोरख, पोरं बगत्यात."

"बगू द्या. फोटू काढत असतील तर सांगा. आज डोळं उगडं हायेत माजं."

आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी ते दाबलं. "खेळातलं डेअर हाय. करावं लागतंय."

गोरखचे हात थांबले. "म्हंजी पोरीनं धाडलं म्हनून आला व्हय? आन् तिनं धाडलं नसतं तर?"

आबांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. एकही उपयोगाचा निघाला नाही. मागे वळून पाहिलं, तर प्रेरणा दोन्ही मुठी आवळून उभी, गोरखच्या दाराकडे टक लावून.

"तर न्हाई आलो असतो," ते म्हणाले. "यायची लाज वाटती, गोरख. फोटू ल्हान झाला ते मला फ्लेक्स लावायच्या आदीच दिसलं हुतं."

गोरखने दाव्याच्या टोकाला गाठ मारली आणि ते बाजूला ठेवलं. मग आत तोंड करून ओरडला, "सुरज! विरजण घे. मोटी वाटी घे, ह्यो दादा वाटीभर म्हनतोय आन् नेईल पातेलंभर!"

सुरज इतक्या लगबगीने बाहेर आला की तो दाराआडच उभा असावा. वाटी दोन्ही हातांत, जीभ दातांखाली, तो अंगणातून निघाला.  प्रेरणाने आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. "सांडंल पोरगं," असं कुणी न विचारता सांगत गोरखही मागोमाग आला आणि गोलात मांडी घालून बसला. धोंडाबाईंनी दिवा लावला.

आता राहिली गोरखची पाळी. बाटली फिरली, फिरली आणि दोन भावांच्या बरोबर मधे थांबली.

"दादा, तुज्याकडं हाय तोंड."

"माज्याकडं कसं? माजी पाळी झाली. नीट बग."

"मी नीटच बगतोय. तूच दुसऱ्यांला बारीक करून बगतोस!"

गोरखने मोजायला दावं आणलं. आबांनी मोजणी नामंजूर केली. पोरांनी कंटाळून केक कापला, खाल्ला आणि दोघांचे तुकडे ताटलीत झाकून ठेवले.

सदर तंटा अद्याप मिटलेला नाही. गोरख तो भांडायला रोज संध्याकाळी येतो आणि चहा तिथेच घेतो.