नवरा-नवरीचं तोंड कुणाकडं

करवंदवाडी आणि शेलदरा या दोन गावांच्या मध्ये एक डोंगर उभा आहे. त्याला दोन सुळके, एक उंच आणि एक बुटका. लग्न लागून परतणारं वऱ्हाड इथं दगड होऊन राहिलं, त्यातला उंच तो नवरा आणि त्याच्या खांद्याला लागलेली ती नवरी, असं दोन्ही गावं मानतात. इथवर एकमत. पण ही जोडी बघते कुणाकडं, असं विचारलंत की संपलंच. करवंदवाडी म्हणते, आमच्याकडं. शेलदऱ्याला नुसती पाठ दिसते. शेलदरा म्हणतो, जन्मभर पाठ बघणाऱ्यांना तोंड कसं ओळखू यावं? दगडाला ना नाक ना डोळे, पण एवढ्यावरून राजूरच्या बाजारात लोकांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या होत्या.

मनकर्णा शेलदऱ्याची. लग्न होऊन करवंदवाडीला आली त्यात नवल काहीच नव्हतं, कारण या दोन गावांत लेकींची देवाणघेवाण कधीपासूनची चालत आलेली. तिची सासू छबूबाई मूळची शेलदऱ्याची, आणि उलट मनकर्णाची आई करवंदवाडीची. बायका खिंड ओलांडून जायच्या आणि ज्या गावात पडल्या तिथलंच तोंड खरं म्हणायला शिकायच्या. छबूबाई तर इतकी पक्की शिकली होती की शेलदऱ्याचं नाव निघालं तरी नाक मुरडायची. मनकर्णा मात्र शिकली नाही. सासरी पहिल्या सकाळी हातात खराटा घेऊन ती अंगणात आली, मान वर केली आणि म्हणाली, "अगं बया, पाठमोरी हायेत की ही." सगळ्या आळीनं ते ऐकलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण त्याआधी लग्नाच्या पंगतीत एक भानगड झाली होती. वऱ्हाडातल्या कुणा टारगटानं मनकर्णाच्या बापाला, सूर्यभानला, मुद्दाम विचारलं होतं, "पाहुनं, नवरीचं तोंड तुमच्या गावानं कदी बगितलंच न्हाई म्हनं?" सूर्यभान बुंदी वाढत होता. त्यानं परात खाली ठेवली. "तुमचं गाव चावडीम्होरं आमची बाजू मान्य करंल," तो म्हणाला, "त्या दिशी करवंदवाडीचं पानी पिईन. तवर न्हाई." मंडळी हसली. सूर्यभान हसला नाही, आणि तेव्हापासून त्यानं खिंडीच्या अलीकडं पाऊल टाकलं नाही. लेक भेटायची ती राजूरच्या बाजारात, उभ्या उभ्या. तो नातवासाठी रेवड्यांची पुडी द्यायचा आणि बैलांचं विचारायचा. बापानं आपल्या ओसरीवर मांडी घालून बसावं, आपल्या हातची भाकर खावी, एवढंच मनकर्णाला हवं होतं. त्यासाठी ती पाठीमागं मोरीत बसून रडलीही होती, पण ती रडणारी बाई नव्हती, आणि रडून सूर्यभान हलणारा नव्हता.

इंग्रज-जर्मनांची दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी तिला वाट सापडली.

तिचा नवरा गोरक्षनाथ गावच्या नाटकमंडळीतली राणी. वर्षभर नांगर धरणारा हा गडी चैत्रातल्या जत्रेला मिशी उतरवायचा, मनकर्णाचं हिरवं लुगडं नेसायचा आणि अशी मुरकत चाल चालायचा की पाटील पहिल्या रांगेत पुढं सरकून बसायचे. मनकर्णा त्याला लुगड्याच्या निऱ्या घालून द्यायची आणि त्याच्या चालीची नक्कल करून त्यालाच दाखवायची. त्या वर्षी मंडळींना नगरच्या पलटणीचं, लढाईतून उरलेलं तंबूचं कापड मिळालं. मग पडदा रंगवायचं ठरलं आणि त्याची सारी जबाबदारी गोरक्षनाथाच्या गळ्यात पडली. नगरहून शमशेर नावाचा पेंटर आला. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. पडद्यावर तो तळं, महाल, बर्फाचा डोंगर आणि हंस काढायचा. गाव कुठलंही असो, हंस ठरलेला.

"महाल नको," पाटील म्हणाले. "आमचा डोंगर काढा."

मग पारावर गलका झाला. पाटलांना डोंगराखाली आपला बांध स्पष्ट दिसायला हवा होता. गुरवाला देऊळ मोठं हवं होतं. मेंढरं राखणाऱ्या कानिफनाथाचं म्हणणं, झरा काढला नाही तर त्या डोंगराला काय अर्थ. शाळेच्या दत्तोपंत मास्तरांना वाटत होतं, डोंगरच काढायचा तर हिमालय काढावा, मुलांना भूगोल तरी कळेल. छबूबाई म्हणाली, देवाची जागा हाय, रंगवू नगा. शमशेर सगळ्यांना मान डोलावून हो म्हणाला. तोंड कुणाकडं हे त्याला कुणीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं करवंदवाडीत कुणाला वाटायचंच नाही.

शमशेरचं जेवण गोरक्षनाथाच्या घरी. भाकरी खाताना तो कुरकुरला, "वहिनी, सकाळच्याला तुमचा डोंगर काळा ठिक्कर दिसतो. ऊन त्याच्या मागं. आन संध्याकाळी सारं गाव माझ्या डोक्यावर बसतं."

मनकर्णाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. डोक्यात काहीतरी लखकन पेटलं.

"शमशेरभाई," ती अगदी साळसूदपणे म्हणाली, "खिंडीच्या पल्याड जावा की. सकाळचं ऊन तिकडून पडतं. म्होरं एक उंबर हाय, त्याच्या सावलीला बसा. तिथनं लई झ्याक दिसतं."

तिनं त्याला चटणी-भाकर बांधून दिली. तो गेला आणि दुपारी खूश होऊन कागद घेऊन परत आला. मग पाटलांच्या गोठ्याचं दार लावून काम सुरू झालं. अर्धा पडदा पाहिला की नजर लागते असं त्याचं म्हणणं, त्यामुळं आत कुणी डोकावलं नाही. मनकर्णा त्या दिवसांत भांडी घासतानाही गाणी म्हणत होती. मधूनच गाणं थांबायचं. गावानं गोरक्षनाथाची अब्रू काढली तर? छबूबाईनं घराबाहेर काढलं तर? पण पुढचं भांडं हातात घेतलं की पुन्हा गाणं सुरू.

राजूरच्या बाजारात तिनं बापाला गाठलं. "आबा, चावडीम्होरं तुमची बाजू टांगनार हायेत. आईला घिऊन या."

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते."

सूर्यभाननं रेवड्यांची पुडी तिच्या हातात ठेवली. "बगतो," म्हणाला.

जत्रेच्या दिवशी तो आला. कडक धोतर, लाल पागोटं, मागं बायको, आणि हातात शेलदऱ्याच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या. करवंदवाडीचं पाणी प्यायचं नाही म्हणजे नाही. चावडीपुढच्या मैदानाच्या कडेला तो तांब्या सांभाळत उभा राहिला, आणि मनकर्णाला हसावं की पळून जावं कळेना.

ऊन कलायला लागलं तेव्हा पडद्याची पूजा झाली. नारळ फुटला. गोरक्षनाथ हिरव्या लुगड्यात, तोंडाला पावडर फासून उभा होता. दोरी सुटली आणि पडदा घरंगळत खाली आला.

डोंगर मोठा सुंदर उतरला होता. दोन्ही सुळक्यांवर सकाळचं कोवळं ऊन, खाली उंबर, उंबराशेजारून गेलेली पायवाट, आणि नाल्यात, शमशेरला राहवलंच नव्हतं, एक हंस. पण नवरा भलत्या हाताला आणि नवरी भलत्या हाताला.



"उलटा हाय," कानिफनाथ म्हणाला.

पाटील उठले. पुढून शेलदऱ्याची बाजू असेल तर मागून आपली असणार, अशा हिशेबानं ते पडद्यामागं गेले. तिथं पलटणीचा शिक्का होता, बाकी काही नाही. ते तसेच परत आले. शमशेर घाबरून म्हणाला, "मी दिसलं ते काढलं, पाटील. वहिनींनी जागा दाखवली."

सगळ्या माना फिरल्या. पावडर फासलेली राणी पुरुषी आवाजात म्हणाली, "हिनं?"

"व्हय," मनकर्णा म्हणाली. "मीच धाडलं त्यांना."

तेवढ्यात बायकांमधून छबूबाई उठली. काठी टेकत निघाली, तशी लोकांनी वाट दिली. आता सुनेच्या पाठीत काठी बसणार हे सगळ्यांनीच धरलं होतं. पण छबूबाई सुनेकडं गेलीच नाही. ती पडद्याजवळ गेली, रंगवलेल्या उंबरावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"ह्याला माझा झोका हुता," ती म्हणाली. "फांदी मोडली न्हाई अजून?"

मग दुसरी उठली. मग तिसरी. ज्या ज्या खिंडीपलीकडून आल्या होत्या त्या सगळ्या पडद्याशी गोळा झाल्या. ही आमच्या खळ्याची वाट, इथं माझा पाय मुरगळला हुता, इथनं आमी करवंदं आनायचो. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं, एकीनं तर हंसालाही ओळखलं, तिच्या चुलत्याचा होता म्हणे. पुरुष बाजूला राहिले. छबूबाई वळली.

"उलटा न्हाई," ती चावडीसमोर खणखणीत आवाजात म्हणाली. "सरळ हाय. टांगा नीट."

पाटलांनी मागं वळून पाहिलं तर त्यांची स्वतःची बायको पडद्यापाशी उभी राहून रडत होती. त्यांनी घसा साफ केला. "टांगा म्हनत्यात तर टांगा," ते म्हणाले.

सूर्यभाननं तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. मिशीवरून हात फिरवला. "पानी आना कुनी," तो म्हणाला.

मनकर्णा अशी धावली की पदर कुठं, ती कुठं. घरातला पितळी गडू भरून आणला. बाप घटाघटा प्यायला आणि रिकामा गडू तिच्या हातात देताना म्हणाला, "गोड हाय." ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जिंकली होती ती. आता हे आईला सांगायचं म्हणून तिनं पडद्याजवळच्या बायकांत पाहिलं. आई तिथं नव्हती.

आई मैदानाच्या कडेला एकटी उभी होती. हनुवटीशी पदर धरून ती पडद्याच्या वर, खऱ्या डोंगराकडं बघत होती.

"आई, पडदा बग की."

"ते तर रोजच बगते गं," आई म्हणाली. "हे तुज्या लग्नापासनं बगितलं न्हवतं."

मनकर्णाच्या हातात गडू तसाच राहिला. बापानं पाणी सोडलं म्हणून ती झुरली होती. पण नवऱ्यानं पाणी सोडलेल्या गावात आई तरी एकटी कशी येणार? आईचं माहेर बंद झालं होतं आणि बाजारात भेटल्यावर तिनं एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. मनकर्णानंही विचारलं नव्हतं.

ती आईला खेटून उभी राहिली. कलतं ऊन दोन्ही सुळक्यांवर समोरून पडलं होतं. आईनं बोट वर केलं आणि बुटका सुळका दाखवला, लहान पोरीला दाखवावा तसा. मनकर्णानं त्या बोटाच्या रोखानं पाहिलं.

"अगं बया," ती हळूच म्हणाली, "इकडं बी बगत्यात की."