व्हरांड्यासमोरच्या दोन ओळी

डिसेंबर आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सावनेरकडच्या आमच्या बंगल्यावर सुट्टीचे पाहुणे येतात आणि नेमकी तेव्हाच आमची संत्र्याची बाग मेल्यासारखी दिसते. बंगला कोण्या इंग्रज साहेबाने बांधलेला, हातभर जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर. आजेसासऱ्यांनी तो बागेसकट विकत घेतला. आता आम्ही खोल्या पाहुण्यांना देतो आणि मागच्या शेडमध्ये संत्र्याची वाइन करतो. नवरा वाइनचं बघतो, मी पाहुण्यांचं, आणि बाग मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची.

ती त्यांच्याकडे किती दिवस राहील, हाच प्रश्न होता. उन्हाळ्यात एकदा ते विहिरीवरची मोटार बंद करायला विसरले. तेव्हापासून नवऱ्याचं एकच पालुपद, बाबांच्या आता ध्यानात राहत नाही, अजून एक चूक झाली की बाग ठेकेदाराला देऊन टाकू. मामाजी ऐकून घ्यायचे आणि बागेत निघून जायचे.

त्या डिसेंबरात नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीची मंडळी उतरली. व्हरांड्यात चहा घेताना एकीने विचारलं, झाडांना रोग लागलाय का? दुसऱ्याने तर फोटोसकट तसं इंटरनेटवर टाकूनही दिलं. माझं डोकंच फिरलं. मामाजींना म्हटलं, समोर तरी थोडं पाणी सोडा. ते म्हणाले, पाणी तोडून ताण दिला आहे, झाडाला तहान लागली तरच ते फुलावर येतं. मी नागपूरला लागून असलेल्या वाडीची, ट्रकांच्या हॉर्नमध्ये वाढलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय! ते बाजाराला गेले तशी मी व्हरांड्यासमोरच्या दोन ओळींचं ठिबक सुरू केलं आणि ते यायच्या आत बंद केलं. अशा चार दुपारी. पाहुणे असले की ते त्या बाजूला फिरकत नसत, म्हणून निभावलं.

पंधरा दिवसांत पानं तरारली. पुढच्या पाहुण्यांनी तिथेच उभं राहून फोटो काढले, आणि मी स्वतःवरच खुश.

फेब्रुवारीत सगळी बाग पांढरी झाली, वास थेट खोल्यांत शिरायला लागला. समोरच्या दोन ओळी मात्र नुसत्या हिरव्यागार, औषधालाही फूल नाही. नवऱ्याने बघताक्षणी ओळखलं, ताण मधेच तुटला. ठिबकचा कॉक कोणी सुरू ठेवला, म्हणून त्याने विचारलं. मला बोलायचं होतं, देवाशपथ सांगते, पण तोंडच उघडेना. मामाजींनी एक फांदी वाकवून बघितली. मग हळूच म्हणाले, "मीच सुरू करून भुललो असन गा."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर ते स्वतःलाच भ्यायला लागले. गॅसचं बटण तीनतीनदा बघायचे. एकदा मला विचारलं, मी सकाळची गोळी घेतली का? नवऱ्याने ठेकेदाराला येत्या सोमवारी यायला सांगितलं होतं. मला घास गोड लागेना. पाहुण्यांशी तुसड्यासारखी बोलले, स्वयंपाकीणबाईवर उगाच डाफरले, बसले की उठावंसं वाटायचं.

रविवारी सकाळी मामाजी मोटारघराच्या दाराशी दिसले. कुलूप ओढून बघितलं, चार पावलं गेले, परत येऊन पुन्हा ओढलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. माझ्याने बघवेना. नवऱ्याला हाक मारली आणि दोघांसमोर सगळं ओकून टाकलं. नवरा माझ्यावर ओरडायला लागला, तसा मामाजींनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"तूच सुरू केलं होतं ना वं बाई? पक्कं?"

"हो मामाजी. चारही दुपारी मीच."

"म्हणजे मी नाही भुललो."

"नाही."

नवऱ्याने तिथूनच ठेकेदाराला फोन लावला, येऊ नका म्हणाला. मामाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मोटारघराच्या पायरीवर मटकन बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून रडले. झाडांबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही.