औदी म्हणजे ऐक

"बस खाली. वकिली तोंडाने करतात. तुझ्या तोंडात अजून भाकरी आहे."

सर बोलले आणि लॉ कॉलेजचा अख्खा वर्ग हसला. माझं पहिलं वर्ष. फळ्यावरचं लॅटिन वचन मी मोठ्याने वाचलं होतं. औदी अल्तेराम पार्तेम. अक्षरं दिसली तशी वाचली. घोटीजवळच्या खेड्यातली मी, मराठी शाळेतली. सरांना 'ऑडी आल्टरम पार्टेम' हवं होतं. अर्थ त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारला. समोरच्याचीही बाजू ऐका, मगच निकाल द्या.

मी बसले. कान जळत होते.

आई तेव्हा शहरात, गंगापूर रोडला एका बंगल्यात स्वयंपाक करायची. त्याच महिन्यात तिथली सोनसाखळी हरवली. आईला वॉचमनसमोर पदर झटकायला लावला. एक शब्द बोलू दिला नाही. हाकललं. आठ दिवसांनी साखळी त्यांच्याच गाडीत सापडली. सांगायला कुणी आलं नाही. शेजारच्या बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून कळलं. आईने घराबाहेर पडणंच सोडलं.

मी लायब्ररीतून लॅटिन व्याकरणाचं जुनं पुस्तक आणलं. रागाने. दोन महिने घोकलं. मग एक दिवस रडूच फुटलं. आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या! पार्तेम ही द्वितीया. औदी हा आज्ञार्थ. ऐक. विनंती नाही, हुकूम. उच्चारांच्या पानावर लिहिलं होतं, जुने रोमन लोक 'औ'च म्हणायचे.

मी चुकलेच नव्हते.

आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"एवढा जुना नियम हाय?"

"हो. लय जुना."

"मग माझं का नाय ऐकलं कुणी?"

तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, पण एक पान तोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी उजळणी घेतली. मी हात वर केला. शब्द न् शब्द फोडून सांगितला. औदीच म्हटलं.

"बरं, बरं. बस."

"नाही बसणार, सर. त्या दिवशी मला बोलू न देता बसवलंत. आज माझं संपेपर्यंत उभी राहणार."

कुणी हसलं नाही. सर हजेरीपट चाळत राहिले. चुकलो, असं ते म्हणाले नाहीत. आजवर नाहीत.

आई अजूनही दारावर येईल तीच भाजी घेते. म्हणते, "जाऊ दे, पोरी."

नाही जाऊ देणार. वकिलीची सनद हातात आली की माझी पहिली नोटीस त्या बंगल्यावर जाईल. माझ्या सहीची. आईच्या वतीने.